तिसरी विक्री

रेआते, मार्चच्या मध्याची इदूस उलटून दोन दिवस

क्विंटस नुमिसियसकडून मुलगा सेक्स्टस याला.

तू खुशाल असशील असं धरून चालतो, कारण रोममध्ये तुरानियससाहेबांच्या घरात राहून खुशाल नसायला माणसाला फार कष्ट घ्यावे लागतील. मी खुशाल आहे. तुझी आईही खुशाल आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही.

गावात सगळे म्हणतात, काम झकास झालं. तराजूवाले पेडियस आजोबा म्हणाले, चाळीस वर्षं खेचरांच्या आणि बैलांच्या विक्रीला तराजू धरतोय, पण इतकी सुबक विक्री हातून झाली नव्हती. पाचही साक्षीदार वेळेवर आले आणि त्यातला एकही प्यायलेला नव्हता. आपल्या शेजारच्या लार्सियसने, म्हणजे गाड्यांची चाकं सोडून आयुष्यात कशालाही हात न लावलेल्या माणसाने, तुझा खांदा धरून 'हा माणूस माझा आहे' हे वाक्य न अडखळता म्हटलं, तांब्याचा तुकडा तराजूवर वाजवून माझ्या हातात ठेवला आणि लगेच तुला मोकळं केलं. तू परत माझा झालास. मग दुसऱ्यांदा तेच सगळं. तू मात्र मान खाली घालून उभा होतास. जरा वर बघितलं असतंस तर बरं दिसलं असतं.

आई दारातून बघत होती. नंतर तिने पेडियस आजोबांना गाठलं. "आजोबा, मुलगा दत्तक द्यायचा तर हा गुरांचा बाजार कशाला? त्या माणसाच्या हातात हात द्या आणि मोकळे व्हा."

"पोरी, बापाचा हक्क असा सुटत नाही," आजोबा म्हणाले. "जुन्या लोकांनी ठरवून ठेवलंय. बापाने मुलाला एकदा विकला आणि घेणाऱ्याने सोडला, की तो परत बापाचा. दोनदा विकला तरी बापाचाच. तिसऱ्यांदा विकला की बापाचा हक्क तुटला. मग तुरानियस न्यायाधीशापुढे त्याला आपला म्हणून मागून घेईल."

"आणि पैसे?"

"कसले पैसे? तांब्याचा एक तुकडा. नुसता देखावा असतो गं."

आईने माझ्याकडे बघितलं, आणि तेव्हापासून ती गप्प आहे. बायकांना कायदा समजावणं हे पेडियस आजोबांचं काम, माझं नव्हे.

तिसरी विक्री सप्टेंबरात, द्राक्षं उतरली की. ही अट मीच घातली. खेचर विकतानासुद्धा मी गिऱ्हाइकाला काही दिवस वापरून बघायला देतो, मग मुलाला सहा महिने का देऊ नयेत? तुरानियसांचा मुलगा मार्कस गेला त्याला दोन वर्षं झाली. त्यांना घाई होती, पण त्यांनी ऐकलं. आणखी एक गोष्ट तुला सांगायची राहिली, आता रागावू नकोस. सौदा करताना सवयीने माझ्या तोंडून तुझ्या खोडीही निघून गेल्या. जनावर विकताना खोड लपवली तर विक्री रद्द होते, तेच डोक्यात बसलेलं. मी सांगितलं, डावा घोटा अधू आहे, सकाळी बोलत नाही, आणि राग पोटात धरून ठेवतो. तुरानियस खूप हसले. त्यांच्या खोडी मला कोणी सांगितल्या नाहीत, पण गिऱ्हाइकाच्या खोडी सांगायचा कायदा नाही.

तुला वाटत असेल, बापाने घालवून दिलं. अरे, खेचरवाल्याच्या मुलाच्या नशिबी खराराच असतो. तुरानियसांचा मुलगा उद्या सिनेटमध्ये बसेल. आणि मला यात काय मिळालं? तांब्याचा एक तुकडा, तोही मी आजोबांना परत दिला.

खेचरं यंदा चांगली भरतील. गवताची सोय झाली आहे.


रेआते, एप्रिल, पालेस देवीच्या सणाचा दुसरा दिवस

सेक्स्टसला, बापाकडून.

तुझं पत्र मिळालं. दोन ओळी आहेत. पहिलीत तू बरा आहेस. दुसरी वाचून मी इतका हसलो की दावणीची खेचरं कान टवकारून बघायला लागली. तर तुझे तुरानियस महिन्यातले पाच दिवस तिबुर गावच्या घरातल्या एका अंधाऱ्या खोलीत पेंढ्यावर झोपतात, जवाची भाकरी खातात आणि गरिबीचा सराव करतात. आणि त्यासाठी पेंढा चाळायला एक माणूस, जवाची भाकरी थापायला वेगळा आचारी, आणि कोणी अडथळा आणू नये म्हणून दाराशी दोघं. मी गरीब होतो तेव्हा माझ्याकडे एकच माणूस होता, आणि तो मीच होतो.

पण त्यांना हसण्यात अर्थ नाही. तू त्यांच्याकडून शीक. श्रीमंतीचा मोह नको, हे श्रीमंताने सांगितलं की ऐकायला बरं वाटतं. आम्ही सांगितलं तर लोक म्हणतात, आहेच काय तुझ्याकडे.

काल आम्ही शेकोट्या पेटवल्या आणि जनावरं धुरातून नेली. खेचरं देणाऱ्या घोड्या शंभर आहेत आता, सेक्स्टस. शंभर. आणि रोसेयाच्या गवतात त्या पोटापर्यंत बुडतात. तुला आठवतं ते कुरण? नदीच्या वळणाचं, ज्याच्या कुंपणाला टेकून आपण दोघं नुसतं बघत उभे राहायचो. तुरानियसांच्या कारभाऱ्याने, त्या हर्मेरोसने, यंदा चरायला मोकळं करून दिलंय. शेजारधर्म म्हणून. शिंगरं अशी तयार झालीत की तुडुंब भरलेल्या हौदासारखी चकाकतात.

आई आता माझ्याशी थोडं बोलते. काल म्हणाली, "मीठ द्या."

पुढच्या वेळी तीन ओळी लिही.


रेआते, जूनचे शेवटचे दिवस

सेक्स्टसला, बापाकडून.

खुशालीचं या वेळी राहू दे.

मी रोमला सहा खेचरं पोचवायला आलो होतो. खरं म्हणजे तुला बघायला आलो होतो, आणि खेचरं सोबत घेतली, म्हणजे कोणी विचारलं तर सांगता यावं. तुझ्या दारवानाने मला आश्रितांच्या सकाळच्या हजेरीच्या रांगेत उभं केलं. माझ्यापुढे एक जुना सैनिक होता, तो म्हणाला, "नवीन दिसता. खाण्याची टोपली मिळेपर्यंत जाऊ नका, आज मांस आहे." मी त्याला सांगणार होतो की आत उभा आहे तो माझा मुलगा आहे. मग माझ्या लक्षात आलं की सप्टेंबरनंतर हे सांगायचा हक्क मला राहणार नाही, आणि मी रांगेत पुढे सरकलो.

आत तू तुरानियसांच्या उजव्या हाताला उभा होतास. पांढरं वस्त्र तुला खांद्यावर किंचित घट्ट होतं. मार्कसचं असणार. नावं सांगणाऱ्या नोकराने पुकारलं, "क्विंटस नुमिसियस, रेआतेचा, खेचरवाला." तुरानियस आनंदाने म्हणाले, "ये, ये नुमिसियस. मुलगा बघ कसा उजळलाय." आणि तू तीन महिन्यांनी मला काय म्हणालास? "कुरण कसं आहे, बाबा? गवत गोड आहे ना?"

सगळे हसले. त्यांना वाटलं, खेचरवाल्याशी खेचरांचं बोललं. मीही हसलो. टोपली घेऊन मी घराकडे येणाऱ्या मिठाच्या रस्त्याला लागलो आणि तिसऱ्या मैलाच्या दगडापाशी बसून ते मांस रागारागाने खाल्लं. मांस चांगलं होतं, त्यामुळे राग आणखी वाढला.

तीन दिवस वाटेत मी तुला मनातल्या मनात झापत होतो. चारचौघांत बापाला टोचून बोलतोस? याला मी वाढवलं? खेचरांच्या अंगावर खरारा फिरवायला शिकवलं, अक्षरं गिरवायला मास्तर ठेवला, घोटा मोडला तेव्हा पाठीवर घेऊन नऊ मैल चाललो. घर दिसायला लागलं तेव्हा माझे सगळे मुद्दे संपले होते आणि कुरण तेवढं शिल्लक होतं.

तर ऐक. मार्चमध्ये मी लिहिलं की मला फक्त तांब्याचा तुकडा मिळाला. ते खोटं होतं. एप्रिलमध्ये लिहिलं की कुरण शेजारधर्म म्हणून मिळालं. तेही खोटं. तिसरी विक्री झाली की रोसेयाचं कुरण, नदीपासून जुन्या अंजिरापर्यंत, माझ्या नावावर होणार आहे. हर्मेरोस तसं बोलणं घेऊन आला आणि मी नाही म्हटलं नाही.

लोकांना वाटतं, मी तुला लटकं विकलं. मी तुला खरंच विकलं आहे. पेडियस आजोबांच्या तराजूत तांबं होतं आणि माझ्या डोक्यात गवत.

पण माझीही बाजू आहे. दहा वर्षं प्रत्येक उन्हाळ्यात वैरणीसाठी मी लोकांच्या अंगणात उभा राहिलोय. इटलीत सगळ्यात चांगली खेचरं रेआतेची, आणि रेआतेत सगळ्यात चांगली माझी, हे वैरी पण सांगतात. त्यांना सगळ्यात चांगलं गवत मिळावं, यात माझं चुकलं काय? आणि तुझंही भलंच होणार होतं. दोघांचंही भलं होत असेल तर त्याला पाप कोण म्हणेल?

तुला हे कोणी सांगितलं ते मात्र कळव.


रेआते, जुलैची इदूस

सेक्स्टसला, बापाकडून.

तुझं पत्र आधी आईने वाचलं. मग तिने ते माझ्यापुढे ठेवलं आणि चण्याची पाटी घेऊन समोर बसून राहिली, मी वाचून होईपर्यंत.

तू लिहितोस की हर्मेरोसने तुला कुरणाचं पहिल्या विक्रीच्या आदल्या दिवशीच सांगितलं होतं. म्हणजे तू मान खाली घालून उभा होतास तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं. तू लिहितोस, "मला वाटलं, तुम्हाला ते कुरण आयुष्यभर हवं होतं, आणि देण्यासारखं माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. म्हणून गप्प उभा राहिलो. पण तुम्ही पत्रात पुन्हा पुन्हा लिहीत राहिलात की हे माझ्या भल्यासाठी आहे. ते सहन झालं नाही."

हे वाचून मला लाज वाटली. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे आणि लाज वाटायची माझी सवय गेली आहे, म्हणून ती काय आहे हे ओळखायला थोडा वेळ लागला.

आई म्हणाली, "कुरण कोणी मागितलं?"

"सांगितलं ना. हर्मेरोसने बोलणं काढलं."

"अहो, हर्मेरोस आला तेव्हा मी पलीकडच्या खोलीत चणे निवडत होते. मातीची भिंत आहे ती. मला सगळं ऐकू आलं."

मी पत्राची घडी घातली.

"तो म्हणाला, 'साहेबांना मुलगा आवडलाय.' आणि तुम्ही म्हणालात, 'आणि मला ते नदीकाठचं कुरण आवडलंय.' तो बिचारा हबकला. त्याला मालकाला विचारून यावं लागलं."

हे खरं आहे, सेक्स्टस. गेल्या पत्रात मी कबुली दिली तीही अर्धीच होती. मीच मागितलं.

"मग त्याच दिवशी का नाही बोललीस?" मी म्हटलं.

"म्हटलं, तुमची तुम्हालाच लाज वाटेल. चार महिने वाट बघितली. आता माझं एवढंच सांगा, त्याला विचारलं होतंत का?"

"कोणाला?"

"ज्याला विकायला काढलं त्याला."

मी म्हटलं, बापाने मुलाला विचारावं असं कायद्यात कुठेही नाही. ती म्हणाली, "कायद्याला मी ओळखत नाही. तुम्हाला ओळखते, म्हणून तुम्हाला विचारतेय." आणि चण्याची पाटी उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन मी पेडियस आजोबांपाशी बसलो. उन्हामुळे गिऱ्हाईक नव्हतं. मी विचारलं, "तिसरी विक्री केलीच नाही तर?"

"तर मुलगा तुझा. आधी होता तसाच. मरेपर्यंत तुझ्या हुकमात. त्याचं म्हणून काही नसणार, अंगावरचा सदरासुद्धा कायद्याने तुझा."

"आणि तिसरी केली तर तुरानियसचा."

"असं कोणी सांगितलं? तिसरी झाली की तो लार्सियसच्या हातात येतो. लार्सियसने तुरानियससाठी धरून ठेवला तर तुरानियसचा. आणि त्याने नुसता मोकळा सोडला, तर कोणाचाच नाही. स्वतःचा. मग त्याला दत्तक घ्यायचं झालं तर रोममध्ये पुजाऱ्यांपुढे आणि लोकांपुढे उभं करून आधी त्यालाच विचारावं लागतं, बाबा रे, तुला हे हवंय का?"

"विचारावंच लागतं?"

"विचारावंच लागतं. स्वतःच्या मालकीच्या माणसाला विचारल्याशिवाय कोणी घेऊ शकत नाही."

इतकी वर्षं विक्री करून मला हे ठाऊक नव्हतं, कारण खेचरांच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही.


रेआते, कोन्सुसचा सण, ऑगस्ट

सेक्स्टसला, बापाकडून. बरा आहेस ना? मी बरा आहे, या वेळी खरोखर.

आज खेचरांना सुट्टी. सकाळपासून आईने सगळ्यांच्या गळ्यात फुलं बांधली आणि ती अर्ध्या तासात त्यांनी एकमेकांची खाऊन टाकली.

मी गेल्या आठवड्यात तुरानियसांच्या तिबुरच्या घरी जाऊन आलो. तू त्यांच्या कामाने रोमला गेला होतास, म्हणून तिथे काय झालं ते माझ्याकडूनच ऐक. मी पोचलो तो नेमका त्यांच्या गरिबीच्या दिवसांत. हर्मेरोस म्हणाला, "पाच दिवस ते कोणालाही भेटत नाहीत." मी म्हटलं, "श्रीमंतांना भेटत नसतील. गरिबाला भेटायला गरिबाला कोण अडवतं?" तो आत जाऊन आला आणि मला दार दाखवलं. दार इतकं बुटकं की मला वाकावं लागलं.

म्हातारा पेंढ्यावर बसला होता. मी त्यांना साहेब म्हणायचो, पण त्या अवस्थेत बघितल्यावर तो शब्द मनात टिकेना. पुढ्यात भाकरी आणि पाणी. मला म्हणाला, "बस. खातोस?" मी एक तुकडा मोडला. "छान झाली आहे, सरकार."

"तेच तर," म्हातारा म्हणाला. "माझ्या आचाऱ्याला वाईट भाकरी जमतच नाही. खूप रागावून बघितलं." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "सेक्स्टसने तुला या खोलीचं लिहिलं असेल. हसलास ना?"

"हसलो."

"हसायचंच. वीस वर्षं मी इथे बसून सराव केला की घर गेलं, जमीन गेली, चांदीची भांडी गेली, तर जगता येईल का. येतं. मजेत येतं. आणि मग मार्कस गेला. तेव्हा कळलं, मी सगळा सराव भांड्यांचाच केला होता."

हे त्याने अगदी साध्या आवाजात सांगितलं. मी ज्या ऐटीत गेलो होतो ती ऐट तिथेच उतरली. मला तो म्हातारा आवडला, सेक्स्टस, हे तुला सांगायला हवं, कारण पुढे तुला ठरवायचं आहे आणि मी त्याची खोड तेवढी सांगून गुण लपवले तर तेही फसवणंच होईल.

मी म्हटलं, "कुरण परत घ्या."

"कमी पडलं का?"

"जास्त झालं."

"म्हणजे मुलगा देत नाहीस."

"तो माझा आहे तोवर मी त्याला देऊ शकतो आणि तुम्ही घेऊ शकता, आणि त्याला कोणी विचारणार नाही. मी त्याला मोकळं करतोय, सरकार. सप्टेंबरात तिसरी विक्री होईल, पण लार्सियस त्याला सोडून देईल. मग तुम्ही स्वतः त्याला विचारा."

"आणि तो नाही म्हणाला तर?"

"तर तुम्ही आणि मी एका रांगेत. मात्र टोपली मिळेपर्यंत जाऊ नका, तिथे मांस असतं."

तो हसला नाही. पेंढ्याची काडी मोडत म्हणाला, "मार्कसला मी कधी काही विचारलं नाही. मास्तर मी निवडले, बायको मी निवडली. गेला त्या मोहिमेवरही मीच पाठवला. तो हो म्हणायचा. मला वाटायचं, किती गुणी मुलगा." मग त्याने उरलेल्या भाकरीचे दोन भाग केले आणि मोठा माझ्याकडे सरकवला. आम्ही खाल्लं. निघताना त्याने एवढंच विचारलं, की विचारायचं कसं असतं. मी म्हटलं, मलाही माहीत नाही, घरी बायको शिकवतेय.

कुरण सुटलं. चाळीस घोड्या विकून टाकल्या, कारण त्यांना पुरेल एवढी वैरण कुठून आणू? गावात लोक म्हणतात, नुमिसियस बसला. म्हणू देत. शंभर होत्या तेव्हा मला निम्म्यांची नावं ठाऊक नव्हती, साठांची तोंडपाठ आहेत, आणि त्या साठ अशा निवडल्या आहेत की तीन वर्षांत रोमचे व्यापारी माझ्या फाटकात झोपायला येतील. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. तुला माझं जनावरांचं ज्ञान माहीत आहे. माणसांचं कच्चं निघालं, ते आता पक्कं करतोय.

सप्टेंबरच्या इदूसनंतर चौथ्या दिवशी बाजारात ये. न येऊन चालणार नाही, कारण विकायचं ते समोर हजर लागतं. माझा तुझ्यावरचा हा शेवटचा हुकूम. दोन चांगली खेचरं, रंगाने काळी, आणि नवं खोगीर तुझ्यासाठी बाजूला काढलंय. ते विक्रीनंतर देईन. आधी दिलं तर कायद्याने माझंच राहील.


रेआते, सप्टेंबर, विक्रीनंतर दुसरा दिवस

सेक्स्टसला.

तू अजून रोमला पोचलाही नसशील. हे पत्र घेऊन लार्सियसचा गाडीवान उद्या सकाळी निघतोय, त्याला सांगितलंय की आधी हे दे, मग चाकं पोचव.

काल सगळं इतक्या लवकर झालं. लार्सियसने तुझा खांदा धरला, वाक्य म्हटलं, तांबं वाजलं. मग त्याने हात काढून घेतला, दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, "मोकळा आहेस." या वेळी मात्र तो अडखळला. साक्षीदार पुढे झुकून बघत होते, कारण गावात दोन तट पडले होते, एक तुरानियसचा आणि एक माझा.

तू आधी आईला जवळ घेतलंस. मग सगळ्यांदेखत म्हणालास, "मी तुरानियसांचा मुलगा होणार नाही. त्यांनी विचारलं आणि मी त्यांना तसं सांगितलंय. पण हिवाळाभर मी त्यांच्याकडे राहणार. त्यांचे डोळे अधू झालेत, वाचून दाखवायला कोणी लागतं. आणि मला मार्कस म्हणायची त्यांना सवय लागलीय, ती हळूहळू मोडायला हवी."

"आणि मग?" आईने विचारलं.

"मग वसंतात बघू."

"बघू म्हणजे काय रे?"

"म्हणजे मला अजून माहीत नाही, आई."

दोन्ही तट हिरमुसले. मला मात्र तुझा अभिमान वाटला. म्हाताऱ्याला 'नाही' सांगून तू त्याच्याजवळच राहतोयस. हे तुला मी शिकवलेलं नाही, त्यानेही नाही. तुझं तू कमावलंस, आणि त्यावर कोणाचा हक्क लागत नाही.

खेचरावर खोगीर चढवून झालं. तू माझ्यापुढे येऊन उभा राहिलास आणि म्हणालास, "बाबा, जाऊ का?"

पेडियस आजोबा तराजू गुंडाळता गुंडाळता हसायला लागले. "अरे वेड्या, आता कोणाला विचारतोस? आत्ताच सुटलास ना?"

तू त्यांच्याकडे वळलाही नाहीस. म्हणालास, "सुटलोय, आजोबा. म्हणूनच विचारतोय."

बावीस वर्षं तू मला हे विचारत आलास. नदीवर जाऊ का, जत्रेला जाऊ का, मास्तरांकडे जाऊ का. तुला विचारावंच लागायचं, आणि मी कामातून मान वर न करता हो किंवा नाही म्हणायचो. काल तुला विचारायची गरज नव्हती. आणि सगळ्या बाजारात मोठ्याने बोलणारा माणूस मी, खोगिराचा पट्टा आवळत राहिलो, जो आधीच आवळलेला होता. तू थांबलास. बराच वेळ थांबलास. मग आईचा हात सोडलास आणि निघालास.

तुझ्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलं, म्हणून हे पत्र.

हो, बाळा. जा.